भिंतीवरची सिस्टर

आर्णीला राहायला आल्यावर पहिल्या महिन्यात जो भेटेल त्याने मला विचारलं, तुम्हाला मराठी येते का. मी मराठीतच बोलत असायचे, तरी विचारायचे. मध्य प्रदेशातून आलेली बाई हिंदीच बोलणार, आणि बोलली नाही तर नक्की काहीतरी लपवत असणार, असा सगळ्यांचा समज होता. माझं माहेर पांढुर्ण्याच्या बाजूचं. तिथे घरोघरी मराठी बोलतात, संत्र्याच्या बागेतले मजूर एकमेकांना शिव्याही मराठीतच देतात, हे मी सुरुवातीला नीट समजावून सांगायचे. नंतर सोडून दिलं. ज्याला शाळेत भूगोल जमला नाही त्याला मी दारात उभी राहून किती शिकवणार.

आम्ही आलो ते नवऱ्यामुळे. भोपाळजवळच्या ज्या कारखान्यात तो होता तो बंद पडला, आणि इकडे सासऱ्यांचे गुडघे बंद पडले. सासऱ्यांचं टू-व्हीलरच्या पार्टचं दुकान होतं, ते चालवायला माणूस नव्हता. नवऱ्याची सोय झाली, सासऱ्यांची झाली, टेम्पोत सामान भरलं आणि निघालो. माझं काय, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मी दहा-अकरा वर्षं भोपाळच्या एका मोठ्या दवाखान्याच्या लेबर रूममध्ये काढलेली नर्स. जगात बायका बाळंत होत आहेत तोवर मला कामाची ददात नाही, अशी माझी पक्की समजूत होती. बायका आर्णीतही बाळंत होत होत्या. काम मात्र मिळेना.

सासूबाई गल्लीत माझी ओळख करून द्यायच्या ती अशी: "सून दवाखान्यात होती भोपाळले." ऐकणाऱ्या बायका कळवळून माझ्याकडे पाहायच्या आणि काय झालं होतं म्हणून विचारायच्या. मी नर्स होते हे कळलं की त्याच बायका बीपी मोजून घ्यायला, डॉक्टरने लिहून दिलेली सुई टोचून घ्यायला घरी येऊ लागल्या. चहा प्यायच्या, पोराच्या खोकल्याचं औषध विचारायच्या, आणि उठताना म्हणायच्या की एवढी शिकलेली बाई घरी बसते, बरं दिसत नाही. फुकटची सेवा घेऊन वर उपदेश देऊन जाणं ही कला मी इथेच पाहिली.

नर्सचं रजिस्ट्रेशन ज्या त्या राज्याचं असतं. राज्याच्या हद्दीवरचा वरूडचा नाका ओलांडला आणि माझे हात कागदोपत्री अडाणी झाले. तिकडच्या कौन्सिलने लिहून द्यायचं की ही बाई गेली तर आमची हरकत नाही, आणि इकडच्या कौन्सिलने मान्य करायचं की आली तर आमची हरकत नाही. माझ्या लग्नात दोन्हीकडच्यांची एवढी बोलणी झाली नव्हती. वेबसाइट दिवसा उघडायची नाही, उघडली तर फोटो मोठा आहे म्हणायची, फोटो लहान केला तर ओळख पटत नाही म्हणायची. नेट कॅफेवाल्याला माझी जन्मतारीख तोंडपाठ झाली. सरकारी कंत्राटी जागांची चौकशी केली तर तिथे पंधरा वर्षं राज्यात राहिल्याचा दाखला हवा होता. तोवर माझं अर्धं आयुष्य वाट पाहण्यात गेलं असतं.

कागद येईपर्यंत कुठेतरी लागावं म्हणून मी खाजगी दवाखाने फिरले. पहिल्यांदा पुसदला गेले, कारण पुसद मोठं गाव, दवाखाने पुष्कळ. तिथे काउंटरवर डॉक्टरांची बायको बसलेली होती. या भागात दवाखाना डॉक्टरच्या नावाने असतो आणि चालवते त्याची बायको, जिला सगळे मॅडम म्हणतात. मॅडमनी माझा बायोडेटा उलटसुलट करून पाहिला. लेबर रूम, आयसीयू, प्रशस्तिपत्र, यातलं काही त्यांच्या नजरेला अडकलं नाही. नजर अडकली ती आडनावावर. "हे आडनाव इकडचं नाही वाटत," म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. "म्हणजे तुमच्यात कोणते?" मी म्हटलं, नर्स. त्यांना ते आवडलं नाही. फोन करतो म्हणाल्या, आणि तो फोन अजून यायचा आहे. इकडे माणसाचं आडनाव आणि गाव कळलं की बाकीचं सगळं कळलं असं धरून चालतात, आणि माझं आडनाव त्यांच्या कोणत्याच खणात बसत नव्हतं. आमच्यात कोणते हे मी इथेही लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकीही काहींना ती खाज असेल, त्यांनी खाजवत बसावं.

दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी स्वतः मुलाखत घेतली. हात हलका आहे का, एवढाच वैद्यकीय प्रश्न विचारला. मग काम सांगितलं: पेशंट पाहायचे, काउंटर पाहायचा, औषधं आणायची, आणि सकाळी वरच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या आईला आंघोळ घालायची. आईला आंघोळ घालण्यात मला कमीपणा नव्हता. जन्मभर लोकांच्या आयांना आंघोळच घातली आहे. पण ते काम नर्सच्या पगारात बसवताना त्या गृहस्थाचा चेहरा इतका उदार झाला होता की मला उठून यावंसं वाटलं, आणि आले.

सगळ्यांत गंमत अशी की मला जे जे रजिस्ट्रेशन विचारत होते त्यांच्यापैकी एकाच्याही दवाखान्यात रजिस्टर नर्स दिसली नाही. गुलाबी ड्रेसमधल्या पोरी होत्या, बारावी झालेल्या, गरजू, सकाळपासून पायांवर उभ्या. त्यांना सलाईन लावायला शिकवलं ते त्यांच्या आधीच्या पोरीने, आणि तिला तिच्या आधीच्या पोरीने. पेशंट त्यांना सिस्टर म्हणायचे, डॉक्टर 'ए पोरी' म्हणायचे. त्यांचा मला राग नव्हता. ज्यांना त्या स्वस्त पडत होत्या त्यांचा होता. बाहेर काचा, आत एसी, रिसेप्शनवर मासे सोडलेली टाकी, आणि पेशंटजवळ एक शिकलेली नर्स नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

पावसाळा सरता सरता माझं रजिस्ट्रेशन आलं. त्याच आठवड्यात आर्णीतल्याच एका नव्या दवाखान्यातून निरोप आला. नवऱ्याच्या दुकानात पार्ट घ्यायला येणाऱ्या कोणाकडून तरी त्यांना कळलं होतं. मी गेले तर डॉक्टर आणि मॅडम दोघंही उठून उभे राहिले. चहा आला, चहाबरोबर बिस्किटं आली. आडनावाची चौकशी नाही, आईची आंघोळ नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या की मूळ सर्टिफिकेट ठेवून जा आणि दोन फोटो द्या, व्हेरिफिकेशन करावं लागते, मग कळवतो. मी ठेवून आले. त्या रात्री मी ट्रंकेतला पांढरा ड्रेस काढून धुतला आणि नीळ घालून वाळत टाकला. इतक्या महिन्यांनी मला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग कळवणं काही होईना. फोन केला की मॅडम म्हणायच्या, प्रोसेसमध्ये आहे. सोयाबीन निघालं, गल्लीत तुरीच्या शेंगा दिसायला लागल्या नव्हत्या अजून, पण कापसाच्या पहिल्या वेचणीच्या गोष्टी सुरू झाल्या. दसरा आला आणि गेला. इस्त्री केलेला ड्रेस कपाटात लटकून होता, आणि सासूबाई कपाट उघडलं की तो बाजूला सारून आपलं लुगडं काढायच्या.

दसऱ्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन घरं पलीकडची मावशी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मावशीच्या हातात रिकामा डबा होता आणि डोळे लाल होते. मला वाटलं, मुलीचं काही बरंवाईट झालं. पण ती माझ्याशीच भांडायला आली होती.

"काहून वं," ती म्हणाली, "माही पोरगी तिथं सकाळपासून हात धरून रडून राह्यली, अन् तू घरी तांदूळ निवडून राह्यली? तुही ड्युटी नाही का तिथं?"

मी विचारलं, कुठे ड्युटी.

"नाटकं नोको करू. त्या नव्या दवाखान्यात भितीवर फोटो हाय तुहा. मोठ्ठी फ्रेम. वरून झेंडूचा हार घातला हाय."

सासूबाई आत चुलीपाशी होत्या. ड्युटी, फोटो, पोरीचं रडणं, यातलं काही त्यांना ऐकू गेलं नाही. हार म्हटल्याबरोबर त्या बाहेर आल्या. "कोणाच्या फोटोले हार?" त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, तुह्या सुनेच्या. सासूबाई माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत राहिल्या, मी आहे की नाही याची खात्री करून घेतल्यासारखं.

मी मावशीबरोबर तशीच निघाले. दवाखान्यात गेल्यावर आधी मुलीकडे गेले. सलाईन नसेच्या बाहेर जात होती. मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजून टरारला होता, बांगड्या मांसात रुतल्या होत्या, आणि बाटली आपली टिपटिप चाललीच होती. गुलाबी ड्रेसवाली पोरगी म्हणाली, मॅडमला सांगितलं, मॅडम म्हणाल्या सूज उतरते. मी तिला सलाईन बंद करायला लावली, सुई काढली, बांगड्या काढल्या, हात उशीवर उंच ठेवला. यात शहाणपणाचं काही नाही. कोणतीही शिकलेली नर्स पहिल्या मिनिटात करते ते हेच. फक्त ती तिथे असावी लागते.

मग मी भिंतीकडे गेले. वेटिंगच्या हॉलमध्ये गणपतीच्या एका बाजूला डॉक्टरांची डिग्री होती आणि दुसऱ्या बाजूला माझं सर्टिफिकेट, सोनेरी फ्रेममध्ये, कोपऱ्यात मोठा केलेला माझा फोटो. खाली पाटी: स्टाफ नर्स. दसऱ्याला अवजारांची पूजा करतात, तशी मॅडमनी दवाखान्यातल्या सगळ्या अवजारांची केली होती. बीपीच्या मशीनला फूल, सक्शनच्या मशीनला कुंकू, ऑटोक्लेव्हला हार, आणि त्याच ओघात डॉक्टरांच्या डिग्रीला आणि मला हार. झेंडू सुकून काळपट झाला होता. आपल्याकडे भिंतीवर हार घालून कोणाचे फोटो लावतात हे सांगायला नको. मला हसू यायला हवं होतं, पण भीती वाटली. त्या पोरीचा हात नासला असता तर गावाने डॉक्टरचं नाव घेतलं नसतं, मॅडमचं घेतलं नसतं. फोटोतल्या बाईचं घेतलं असतं. दहा वर्षांत ज्या नावाला मी डाग लागू दिला नाही, ते नाव इथे माझ्याशिवाय कामाला लागलं होतं.

मॅडमच्या केबिनमध्ये मी न विचारता बसले. त्या जराही ओशाळल्या नाहीत. उलट मला इतके दिवस कळलं नाही याचं त्यांना नवल वाटलं. सगळीकडे असंच असते, त्यांनी समजावलं. दवाखान्याच्या परवान्याला रजिस्टर नर्सचे कागद लागतात, तेवढे कागद दाखवले की झालं. काम करायला पोरी आहेतच. "तुम्ही कायले त्रास घेता? घरी राहा, लेकरं सांभाळा, सासू-सासऱ्यांचं करा. महिन्याच्या महिन्याला पाकीट घरी पोचतं करतो." त्यांचा आवाज इतका प्रेमळ होता की बाहेरच्याला वाटलं असतं, मला साडीचोळी करत आहेत. या भागात ज्याला शेत कसायचं नसतं तो ते मक्त्याने देतो. माझं शिक्षण तसं मक्त्याने घ्यायचं होतं, आणि मी बांधावरसुद्धा यायचं नव्हतं.

मी सर्टिफिकेट परत मागितलं. ते आता फाइलला लागलं, नाव वर गेलं, काढायचं म्हटलं तर वेळ लागेल, असं म्हणून त्यांनी बेल वाजवली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी चहा न पिता आले.

घरी येऊन सांगितलं तर नवऱ्याचा चेहरा उजळला. माणूस वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात पार्टच्या दुकानाचं गणित चालतं: माल न हलवता पैसा आला तर त्याहून चांगला धंदा नाही. "फुकटात मिळून राह्यलं तं भांडतेस कायले?" असं त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, उद्या तुझं नाव लावून दुसऱ्याने दुकान टाकलं आणि खोटे ब्रेक विकले तर. तो म्हणाला, ते वेगळं. सासरे म्हणाले, नोकरी लागली म्हणजे लागली, जावं लागत नाही हे उलट मानाचं. दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते सांगत होते की सुनेची नोकरी इतकी मोठी आहे की तिला जावंच लागत नाही.

सासूबाई या चर्चेत नव्हत्या. त्यांना एकच विचारायचं होतं, हार काढला का. मी म्हटलं, नाही, माझ्या लक्षात नाही राहिलं. त्यांनी त्या रात्री धड जेवण केलं नाही. माझ्या नोकरीसाठी त्या बाईने तोवर एक पाऊल उचललं नव्हतं, पण हारासाठी सकाळीच ऑटो करून गेल्या. मावशीने नंतर सांगितलं ते असं: सासूबाईंनी वेटिंगमधली खुर्ची ओढली, त्या पोरींपैकी एकीला वर चढायला लावलं, हार उतरवून घेतला, तो तिथल्या बादलीत टाकला आणि मॅडमना म्हणाल्या, "जित्या माणसाले हार घालतेत का? अक्कल हाय का नाही?" एवढ्या मोठ्या मॅडम, पण त्यांनी म्हणे स्वतः ती बादली बाहेर नेऊन ठेवली. परवान्याच्या प्रश्नावर त्यांच्याजवळ उत्तर होतं, अपशकुनाच्या प्रश्नावर नव्हतं.

फोटो मात्र तिथेच राहिला. महिना झाल्यावर पाकीट आलं, नवऱ्याने दुकानात घेतलं. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. रोज मनात पत्ता शोधत होते, तक्रार कुठे करायची, कोणाकडे करायची. तक्रार केली असती तर दवाखाना बंद झाला असता की नाही देव जाणे, पण माझं रजिस्ट्रेशन त्या भिंतीवरून चौकशीच्या फाइलीत गेलं असतं आणि माझ्या जन्मात परत आलं नसतं. आर्णीत मला परत कोणी दारात उभं केलं नसतं हेही उघड होतं. घरी बसून पाकीट घ्यावं तर आणखी कोणाचा तरी हात माझ्या नावावर सुजणार. मला झोप लागत नव्हती आणि सगळे म्हणत होते, नशीबवान आहेस.

मग एका दुपारी मॅडमचा मेसेज आला. उद्या इन्स्पेक्शन आहे, पांढऱ्या ड्रेसमध्ये दोन तास येऊन उभं राहा. खाली हात जोडलेले दोन. मी वाचला आणि पहिल्यांदा मला काय करायचं ते कळलं. उत्तरात फक्त 'येते' लिहिलं.

सकाळी मी ड्रेस घातला, केस बांधले, डबा घेतला. डबा पाहून नवऱ्याने विचारलं, दोन तासांसाठी डबा कशाला. मी म्हटलं, भूक लागते. इन्स्पेक्शनला तिघं आले होते. त्यांना आलूबोंडे दिले, मिठाई दिली. मग ते भिंतीपाशी आले. त्यांच्यातल्या एकाने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं, आणि मान हलवली. फोटो आणि बाई जुळते का, एवढंच त्याला तपासायचं होतं. बाईला काय येतं, ती कुठे असते, पेशंटला ती शेवटची कधी दिसली, यातलं काही त्याला पडलं नव्हतं. जुळली म्हणून खूश होऊन ते गेले.

मॅडम हुश्श करून म्हणाल्या, झालं ताई, तुम्ही निघा आता. मी निघाले ती वॉर्डात. पहिल्या कॉटवर कालची बाळंतीण होती, तिचं पोट तपासलं, रक्तस्राव पाहिला, बाळाला अंगावर नीट लावून दिलं. दुसऱ्या कॉटवर गेले. मॅडम मागे मागे येत होत्या. मग त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर हळू आवाजात बोलणारे, कधी रागावत नाहीत अशी त्यांची ख्याती.

"तुमचं पाकीट तर पोचून राहिलं नं घरी," ते म्हणाले. "मग तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"फोटो उतरवा, मी जाते," मी म्हटलं. "फोटो राहिला तर मीही राहीन. रोज येईन."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. ज्या फोटोवर आताच तिघांची मान हलली होती तो उतरवायचा म्हणजे परत कागद, परत इन्स्पेक्शन, परत आलूबोंडे. हे गणित त्यांनी माझ्यादेखत केलं. मग म्हणाले, आठ दिवस पाहू. मी म्हटलं, पाहा.

ते आठ दिवस अजून चालू आहेत. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी गेले. पहिले काही दिवस मला बसायला खुर्ची मिळायची नाही, हातमोजे मागितले की चावी सापडायची नाही. मी हातमोज्यांचा डबा घरून आणला. खुर्चीची मला सवय नव्हतीच. पगार त्यांनी तेवढाच ठेवला, घरी बसायचे जे देत होते तेच. म्हणजे माझ्या कागदाची किंमत पूर्ण, आणि माझ्या दिवसभराच्या कामाची शून्य. हे मी मॅडमना तोंडावर बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला कोणी काम करायला सांगितलं? खरंच होतं. पुढे वर्षभराने वाढवला, तोही मी भांडले म्हणून.

पोरींना मी शिकवायला लागले. नस कशी चाचपायची, सलाईन बाहेर जाते हे कसं ओळखायचं, बाळंतिणीचं पोट कधी दाबून पाहायचं. डॉक्टर आता पेशंटांना अभिमानाने सांगतात, आपल्याकडे रजिस्टर सिस्टर आहे, स्वतः हजर असते. हजर असणं ही त्यांनी केलेली सोय आहे असा त्यांचा सूर असतो. मी ऐकते आणि नाडी मोजत राहते. मोजताना बोलता येत नाही, हे या कामात फार सोयीचं आहे.

मावशीच्या मुलीचा हात बरा झाला. ती मुलाला घेऊन डोस द्यायला आली तेव्हा मावशीने तिला भिंतीवरचा फोटो दाखवला आणि मग मला दाखवलं. मावशी माझी माफी मागेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, फोटोत जास्त गोरी दिसतेस.

यंदाच्या पावसाळ्यात मॅडम काउंटरवर फोनवर बोलत होत्या. पलीकडे दुसऱ्या कोणत्या तरी गावच्या मॅडम असाव्यात, त्यांनाही कागदांची गरज पडली असावी. आमच्या मॅडम सल्ला देत होत्या. गावातली घेऊ नका, त्या म्हणत होत्या, ती आमची चूक झाली, ती येऊनच बसली. दूरची पाहा, चार तास लागतील अशी. मी शेजारीच इंजेक्शन भरत होते. मी ऐकलं तरी त्यांना काही वाटलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तो अनुभवाचा सल्ला होता. माणसं चुकांतून शिकतात म्हणतात. ही बाई खरंच शिकली होती.

आणि गेल्या आठवड्यात माझ्या फ्रेमशेजारी दुसरी फ्रेम लागली. वरचा मजला वाढवला, कॉटा वाढल्या, म्हणून आणखी एक नर्स लागत होती. फोटोत एक लहानखुरी मुलगी आहे, नाकात दोन्हीकडे चमकी, केसांत भरगच्च गजरा. फोटो लग्नातला असावा. पोरींना विचारलं तर त्यांनी सांगितलं, तेलंगणाची आहे, मारेगावकडे दिली आहे, एकदा येऊन कागद ठेवून गेली, मॅडमनी तिला बिस्किटं दिली.

बिस्किटं ऐकल्यावर मला पुढचं विचारावं लागलं नाही.

माझी नणंद मारेगावला असते. तिला फोन केला. तेलंगणातली सून, नर्स झालेली, दोन्हीकडे चमकी, एवढ्यावर तिने संध्याकाळपर्यंत घर शोधून काढलं. गावाच्या भोचकपणाचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. रात्री जेवणं झाल्यावर त्या मुलीचाच फोन आला. आवाज अगदी बारीक. तिने सांगितलं, "वो मॅडम बोले कळवतो. मैं वाट देख रही हूँ, अक्का." फ्रेमचं तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तिने एवढंच विचारलं की तिचा फोटो कोणता लावला. मी म्हटलं, गजऱ्याचा. ती रडायला लागली. मला तिचं रडणं ऐकवत नव्हतं, म्हणून मी जरा दरडावूनच विचारलं, पांढरा ड्रेस आहे का तुझ्याजवळ.

"है," ती म्हणाली. "इस्त्री करके रखी."

मी तिला गाड्या सांगितल्या, यवतमाळला कुठे बदलायचं ते सांगितलं, खोली मिळेपर्यंत माझ्याकडे उतर म्हटलं. नवरा ऐकत होता. तो म्हणाला, परक्या बाईला घरात ठेवायचं म्हणजे आईला विचारावं लागेल. तो आईला विचारायला गेला खरा, पण सासूबाईंना फ्रेमचं सगळं ऐकू आलं होतं. त्या आपल्या अंथरुणावर उठून बसल्या होत्या आणि बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"दसरा कवा हाय यंदा?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं.

"मंग त्याच्या आंधी बलाव तिले," त्या म्हणाल्या.